पत्र्याखालची खोली

खाली मुरमाचा ट्रॅक्टर रिकामा झाला आणि वर दानम्मा कठड्याशी आली.

गॅलरीतून तिला नुसता पत्रा दिसायचा. त्या पत्र्याखाली तिच्या लेकाची, वीरेशची गाडी असायची. मंगळवार पेठेत गाडीला जागा म्हणजे मिरवायची गोष्ट. पण दिवाळीआधी त्यानं गाडी विकली. आता तिथली जमीन दीड फूट उचलून घराच्या फरशीला मिळवायची, भिंती घालायच्या, आतच संडास-बाथरूम. खोली होणार होती.

कुणासाठी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? गुडघ्यांपायी चार महिने ती जिना उतरली नव्हती.

सौंदर्या चहा घेऊन वर आली.

"कुणाला ठेवणार गं तिथं?"

"घरच्याच माणसाला, अव्वा. चहा निवतोय."

"गाडीच्या जागेत?"

सुनेनं कप खिडकीत ठेवला. पदरानं नाक पुसलं. "धूळ लई उडतीया."

"ही खोली ह्यांनी बांधलीया. माझी लिंगपूजा हितं हाय. मी हितनं हलायची न्हाय, सांग त्याला."

"तुम्हीच सांगा की."

"वर येतो कुठं तो? खालनं फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का! बारा पायऱ्या चढवंनात लेकाला."

सौंदर्या वळली आणि झरझर खाली गेली. तिच्या पाठीवर दानम्मानं जात्याच्या चालीत ओवी सोडली:

वरल्या माळ्यावरी चाफ्याचा गार वारा,
म्हातारीला गं बाई गाडीचा निवारा.

एरवी सून हसली असती. उलटी ओवीही फेकली असती. 

आज खालून आलं ते आकाराम गवंड्याचं बोलणं. "वैनी, जो ऱ्हाणार त्येच्या हातनंच मुरमाची पयली पाटी पडाय पायजे. न्हायतर भराव खचतोय. बापापासनं रीत हाय आमची."

दानम्मानं इरकली लुगडं नेसलं. कपाळाला विभूती लावली. धरून उतरवलं म्हणायला नको. आपल्या पायांनी जावं. एकेक पायरी बसत, सरकत ती खाली पोचली, तेव्हा लुगड्याची मागची बाजू मळून गेली होती.

आकाराम दचकला. "आज्जी, तुमी?"

"व्हय, मीच. आण ती पाटी. माझ्याच हातानं भराय लावताय न्हवं? घ्या भरून."

तिनं पाटीची कड धरली. आकारामानं दुसरी कड सोडली नाही. तो तिच्या खांद्यावरून घराच्या दाराकडे बघत होता.

"ठेवा ती, आज्जी," तो हळू म्हणाला. "मालक आल्यात."

दानम्मा वळली.

उंबऱ्याला चाकं अडली होती. सौंदर्या मागून खुर्ची रेटत होती, आणि खुर्चीतला वीरेश पाटीसाठी दोन्ही हात पुढं करत होता.