तिरका काप

"जुन्या झाडाचा गुडघ्याएवढा बुंधा ठेवायचा, वरचं सगळं कापून टाकायचं," बाईंनी चित्र दाखवत सांगितलं. "नवे फुटवे येतात. तिसऱ्या वर्षी झाड पुन्हा कॉफीनं लगडतं."

उतारावरच्या त्या एकरभर बागेत बारा शेतकरी जमले होते. कुणी मान हलवली नाही. छोट्या कॉफी-शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे धडे तयार करणं हे बाईंचं काम. हा धडा छापायच्या आधी त्या तो इथं शिकवून बघत होत्या.

"आणि मधली दोन वर्षं खायचं काय?" एकानं विचारलं.

"सगळी बाग नाही. आधी एकच ओळ कापा."

"मागच्या वेळी आलेल्या साहेबांनी सावलीची झाडं तोडायला लावली," दुसरा म्हणाला. "कॉफी करपली. चित्र त्यांचंही छान होतं."

दोघं-तिघं खाली बघून हसले.

बाग ज्यांची, त्या आजी एवढा वेळ गप्प होत्या. त्या उठल्या, घरातून करवत आणली आणि बाईंपुढे धरली. जवळच्या एका जुन्या झाडाकडे बोट केलं. "हे कापा."

"मी?"

"का? चित्रात तर सोपं दिसतंय."

"ते आजींच्या मालकांनी लावलेलं झाड आहे, मॅडम," मागून कुणीतरी हळूच सांगितलं.

बाईंनी आजवर चौदा पुस्तिका लिहिल्या होत्या. झाड एकही कापलं नव्हतं. त्या मातीत गुडघे टेकून बसल्या. करवत दोनदा अडकली, एकदा सालीवरून घसरली. तळहाताला फोड आला. बारा जण बघत राहिले. मदतीला कुणी पुढे झालं नाही. शेवटी झाड कलंडलं.

आजी वाकल्या. कापावरून अंगठा फिरवला.

"सपाट कापलंत. पाणी साचणार, बुंधा कुजणार. तिरकं कापायचं असतं."

बाईंनी चित्र पुन्हा पाहिलं. चित्रात काप तिरकाच होता. पण धड्यात तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला हे येतं?"

"वडिलांनी शिकवलं होतं."

"मग मघाशीच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

बाईंनी वही उघडली, पेन काढलं. आजींनी वही मिटली आणि करवत पुन्हा त्यांच्याच हातात दिली.

"लिहाल मागाहून. आधी हा काप नीट करा."