सुरत ते हैदराबाद, दीड तास

विमानाला अर्धा तास राहिला होता, तरी शोभाबाईचं एकच पालुपद चालू होतं. "मी त्या इमानमा बसाव नही."

तिचा नवरा हिलाल पिशव्यांच्या गाठी तपासत बसला होता. पस्तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला ऐकू कमीच यायचं, आणि आज ते त्याच्या पथ्यावर पडलं होतं.

सकाळी हैदराबादहून जावयाचा, योगेंद्रचा फोन आला होता. त्यांच्या लेकीला, वर्षाला, दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. शोभाबाईचं रेल्वेचं तिकीट पंधरा दिवसांनंतरचं. त्याने तासाभरात दोघांची विमानाची तिकिटं मोबाइलवर पाठवली. शोभाबाईला तर गच्चीवरून खाली पाहिलं तरी गरगरायचं. पण पहिलटकरीण लेक 'आई, आई' करतेय म्हटल्यावर ती सुरतच्या नवागामहून मुकाट रिक्षात बसली. विमानतळावर मात्र काचेतून ते पांढरं धूड दिसलं आणि ती खुर्चीला घट्ट धरून बसली.

"बा, दोढ कलाकमां तो हैदराबाद!" शेजारची गुजराती बाई हसून म्हणाली.

"दीड तास?" शोभाबाईने विचारलं. "आणि खाली किती खोल?"



हिलाल बाटलीत पाणी भरायला पलीकडे गेला, तेवढ्यात शोभाबाईचा फोन वाजला. तिने तो दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. हिलालने लांबूनच तिच्याकडे पाहिलं. मधे माणसं, बॅगा, वर स्पीकरची घोषणा. पण लूमवर कोण कुणाचं ऐकायचं? सगळं बोलणं ओठांवरूनच समजून घ्यायचं. बायकोचे ओठ त्याने वाचले.

आंडेर व्हयनी. मुलगी झाली.

मग आणखी दोन शब्द. दोन्ही बऱ्या.

तो पाण्याची बाटली तिथेच विसरून धावत आला. शोभाबाई रडत होती, हसत होती, आणि त्या अनोळखी गुजराती बाईच्या गळ्यात पडली होती.

दारापाशी रांग लागली. लोक उठले. हिलाल मात्र बसून राहिला. बायकोचा हात त्याच्या हातात होता आणि तो अजून थंडगार होता.

"शोभा," तो म्हणाला, "देवाने सोडवलं पोरीला. आता घाई नाही. जीव मुठीत धरून कशाला जायचं? चल, स्टेशनवर जाऊ. वीस तासांत पोचू आरामात."

शोभाबाईने डोळे पुसले आणि काचेबाहेरच्या विमानाकडे एकदा नीट पाहिलं.

"आणि तोवर ती एक दिवसाची होईल ना?"

"होईल की."

"आणि यातून गेलो तर?"

हिलाल बोटांवर मोजू लागला. विमान सुटायला नि पोचायला दोन तास, उतरायला नि सामानाला अर्धा, मग टॅक्सीचा दीड. मधेच चुकला, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू केलं.

"चार तासांची असेल."

शोभाबाई केव्हाच उठून रांगेत जाऊन उभी राहिली होती. तिथूनच ती ओरडली, आणि या वेळी ते हिलाललाच काय, सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मग उठा ना! बसल्या बसल्या पाच तासांची करता का तिला?"