आठवा वन्स मोर

“वन्स मोर!” मोनिका खुर्चीवरून अर्धी उठून ओरडली, आणि रंगमंचावरच्या राजाने घाम पुसायला काढलेला रुमाल परत कमरेला खोचून पद पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

ही सातवी वेळ. चूक तिच्या वडिलांची, मधुकररावांचीच होती. पहिल्या अंकात मागून कुणी म्हातारा तसे ओरडला, तेव्हा मुलीने विचारले, “बाबा, हे काय म्हणून राहिले?” आणि त्यांनी खरे ते सांगून टाकले. “असं म्हटलं का पद पुन्हा म्हणतेत.” सोळा वर्षांच्या मोनिकाचा आधी विश्वास बसेना. एका राजाला, मुकुटासकट, आपण म्हणू तेव्हा पुन्हा गायला लावता येते! घरात तिच्या सांगण्यावरून आजवर कुणी पंखासुद्धा बंद केला नव्हता.

भंडाऱ्याच्या त्या सभागृहात हे संगीत नाटक अडतीस वर्षांनी पुन्हा उभे राहिले होते. मंडळ तेच, पेटी तीच, राजाही तेच जागेश्वरजी. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि पांढरी दाढी चिकटवून म्हातारे व्हायचे. आता दाढी घरचीच होती. प्रेक्षक बहुतेक त्यांच्याच वयाचे. टाळ्या मनापासून वाजवत, पण ओरडायला दम लागतो. ते काम त्यांनी दुसऱ्या अंकापासून, काही न बोलता, तिसऱ्या रांगेतल्या या पोरीकडे सोपवले होते.

“काहून वो, मारतं का राजाले?” मधुकरराव कुजबुजले.

“त्याचा पोरगा मारते का नाही, तेच तं पाहाचं आहे मले.”

“मंग पोराले काही ठेव.”

पोरगा म्हणजे राजपुत्र. कुणाच्या तरी खोट्या सांगण्यावरून राजाने त्याला हाकलले होते, आणि आता तो सैन्य घेऊन वेशीशी आला होता. सैन्य पडद्यामागे होते. राजपुत्र मात्र तलवार धरून विंगेत कधीचा उभा होता, आणि मोनिकाच्या खुर्चीवरून तो दिसत होता. पाय दुखल्यामुळे तो एकदा या पायावर उभा राही, एकदा त्या.

बाहेर हॉर्न वाजला. रविवारच्या बाजाराला आलेली कारखान्याच्या कॉलनीची बस साडेपाचला जवाहरनगरला परत निघायची, आणि सहाला मधुकररावांची ड्युटी होती. त्यांनी मनगटावरचे घड्याळ मुलीच्या नाकासमोर धरले.

“पाच वीस. आता एकबी वन्स मोर नाही. एकच पद राहिलं. ते झालं का पोरगा येते. पाया पडते का तलवार चालवते, ते पाहू आन पळू. तू गप राहिली असती तं आतापावेतो राजा मरून चहा पिऊन राहिला असता.”

“मी थांबू का, बाबा? येईन मी मागून.”

“एकटीले सोडून जाऊ? मंग तुही आई मले सोडते का?”

मोनिकाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. ओढणीचे टोक दातांत धरले. टाच मात्र तिचे ऐकेना. ती फरशीवर वाजतच राहिली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मागे वळून पाहिले आणि ताल बरोबर आहे अशी मान हलवली.

राजाने शेवटचे पद बसूनच घेतले. वरच्या सुरावर आवाज फाटला. जागेश्वरजी तिथे अडले नाहीत. फाटलेला सूर तसाच सांभाळत, काही सांडू न देता, त्यांनी खाली आणला.

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या. पेटीवरच्या आनंदरावांनी सूर सोडला नाही. राजा पुढचे वाक्य बोलेना. तो तिसऱ्या रांगेकडे बघत होता. मग पुढची दोन टकले वळली. मग अख्खी रांग वळली.

हॉर्न दोनदा वाजला.

“बोलू नको,” मधुकरराव दात न उघडता म्हणाले. “पोरगा येऊनच राहिला.”

खरेच येत होता. विंगेतून त्याचा एक बूट बाहेर आला होता. मोनिकाने त्या बुटाकडे पाहिले. मग राजाकडे पाहिले. राजाच्या भुवया वर गेल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या.

“वन्स मोर.”

आधीचे सात हुकूम होते. हा आठवा नाक ओढत आला.

बूट मागे गेला. राजाने मुकुट सारखा केला, सिंहासनाचा हात धरून तो उभा राहिला, आणि तेच पद या वेळी उभ्याने म्हणू लागला. मधुकररावांनी भाजीची पिशवी उचलली. मोनिका त्यांची बाही धरून, तोंड रंगमंचाकडे ठेवून, उलटी चालत दारापर्यंत गेली. वाटेत दोन प्रेक्षकांच्या पायांवर तिचा पाय पडला. कुणी रागावले नाही.

बसमध्ये मेथीच्या जुड्या आणि चिडलेली माणसे बसली होती. कुणी तरी “झालं का तुमचं नाटक?” असे मोठ्याने विचारले.  ड्रायव्हर टिकारामने गाडी काढली, चौक ओलांडला, गिअर बदलला. दुपारभर सभागृहाच्या खिडकीखाली उभे राहून त्यानेही निम्मे नाटक ऐकले होते. शहर मागे पडल्यावर त्याने आरशातून मोनिकाकडे पाहिले.

“कावो बाई, मारलं का मंग पोरानं राजाले?”

मोनिका मान वळवून मागच्या काचेतून बघत होती. मागे फक्त रस्ता होता.

“मले नाही मालूम, काका,” ती म्हणाली. “मी होती तोवर तं गाऊनच राहिला होता.”