गेटवरची ताई

छोट्याच्या डोळ्यांदेखत थाळीतल्या खळग्यांना पुन्हा पिवळा रंग चढला. काल रंग चढला तेव्हा त्याने आपल्याच हाताला दोष दिला होता. आज तीही सोय उरली नव्हती.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्लास्टिकच्या थाळीत डावीकडे साधा घेवडा होता, तिथलं पाणी स्वच्छ. उजवीकडे त्याने घडवलेला नवा घेवडा, ज्यात अक्रोडाचं जनुक बसवलेलं होतं. दोन्हीकडे रक्त एकाच माणसाचं, अक्रोड ज्याच्या जिवावर उठतो अशा माणसाचं. उजवीकडचे खळगे पिवळेधमक झाले होते. म्हणजे अक्रोडाच्या गुणाबरोबर त्याचा धोकाही घेवड्यात उतरला होता.

छोट्या म्हणजे काही पोरगा नव्हे. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, संस्थेत ज्याला सगळे 'सर' म्हणत असा शास्त्रज्ञ. पण हे नाव थोरल्या बहिणीने ठेवलेलं, तेव्हा त्यातून सुटका नव्हती. आणि ती थोरली बहीण या घटकेला संस्थेच्या गेटवर, आंदोलकांच्या पुढे, हातात भोंगा घेऊन, त्याच्याच नावाने खडे फोडत होती.

"बियाण्यांशी खेळ बंद करा!"

खिडकी लावलेली होती. पण ताईच्या आवाजापुढे खिडकीचं काय चालणार?

खरं तर सगळं जमून आलं होतं. ज्या घरांत घेवड्याशिवाय फारसं काही शिजत नाही, तिथल्या मुलांच्या अंगी लागेल असा घेवडा करायचा, यासाठी त्याने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. नियमातल्या चाचण्या पार पडल्या होत्या. उंदरांनी तर मिटक्या मारत खाल्लं होतं. उद्या मंजुरीची बैठक होती. ही रक्ताची चाचणी कुणी मागितलीच नव्हती. त्याने आपल्या समाधानासाठी केली, कारण लहानपणी त्याने लाडाने भरवलेला अक्रोडाचा केक खाऊन ताईचा गळा सुजला होता आणि वडील तिला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे धावत सुटले होते. ते तो कधीच विसरला नव्हता.

म्हणून गेल्या आठवड्यात त्याने बिचकत बिचकत ताईला फोन केला. या घेवड्यापायी दोघांचं एका टेबलाशी जेवणं कधीच बंद पडलं होतं. तरी ताई आली. मागच्या दाराने, भोंगा पिशवीत लपवून. रक्त कशाला हवंय ते त्याने सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि बाही वर सारून तोंड फिरवलं.

"घे हवं तेवढं. पण माझ्या माणसांना कळलं तर माझी धडगत नाही."

आणि आता हे असं झालं होतं.

"सर, एका माणसाच्या रक्तावरून काय ठरतं?" सहकारी बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचीही वर्षं या घेवड्यातच गेली होती. "उद्या मंजुरी पदरात पाडून घेऊ, मग सावकाश बघू. आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत आहे?"

खोटं कशाला बोला, क्षणभर छोट्याला ते पटलंही. तेवढ्यात बाहेर घोषणा मध्येच तुटली. ओरडून ओरडून ताईला ठसका लागला होता आणि भोंगा तोंडाशी तसाच राहिल्यामुळे तो खोकला साऱ्या आवारात घुमला. छोट्याने फोन उचलला.

"ते एक माणूस गेटवर उभं आहे," तो बाईंना म्हणाला. आणि त्याने संचालकांना उद्याची बैठक रद्द करायला सांगितलं.

मग तो खाली गेला आणि ताईला पहारेकऱ्याच्या खोलीत बोलावून घेतलं.

"ताई, घेवडा बंद केला. तुझ्या रक्ताने त्याचा धोका पकडला."

ताई मटकन स्टुलावर बसली. "पुन्हा करून पाहिलंस ना? नीट?"

"पाहिलं. तेच आलं."

दाराशी कान लावून असलेल्या कुणीतरी बाहेर बातमी पोचवली. "जिंकलो!" एकच गलका उठला, शिट्ट्या वाजल्या. ताई जागची हलली नाही. आता 'मी सांगत नव्हते?' हे ऐकावं लागणार, याची छोट्याने तयारी ठेवली होती. आयुष्याच्या कमाईवर पाणी पडलं होतं, तरी त्याला हलकं वाटत होतं. कुठल्यातरी घरात एखादं पोर घेवडा खाता खाता गुदमरलं असतं. आता ते जेवून, हात धुऊन खेळायला पळेल आणि त्याच्या आईला कधी काही कळणारही नाही. हे मनात आलं आणि त्याला भरून आलं.

"त्या आयांना तुझा पत्ता ठाऊक नाही," तो म्हणाला. "म्हणून त्यांच्या वतीने मीच सांगतो. फार उपकार झाले गं ताई. तू होतीस म्हणून निभावलं."

बाहेर ताईच्या नावाचा जयजयकार चालला होता. ती मात्र पदराने डोळे टिपत होती.

"उपकार कसले रे, छोट्या? इथे उभी राहून रोज तुझ्याविरुद्ध ओरडत होते, आणि रक्त दिल्यापासून मनातल्या मनात एकच मागणं मागत होते, देवा, या खेपेला माझ्या भावाला खरा ठरव आणि मला तोंडघशी पाड."