लाल टिंबं

"शब्द कुठी संपते अन् कुठी सुरू होते, काईच समजत नाई, चाचा." कमळेनं बाबांच्या खाटेशी बसलेल्या इनायतपुढे कागदाची गुंडाळी ठेवली.

इनायत ब्रह्मपुरीच्या कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. कमळेचे वडील रामाजी तिथलेच जुने कारकून. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीन महिने ते खाटेवर डाव्या हातानं लिहीत होते. कागद संपला की कमळा खळीनं पुढचा चिकटवायची. गुंडाळी आता मनगटाएवढी जाड झाली होती.

"मोडी अशीच असते, बेटी. ओळभर हात उचलाचा नाई. तुह्या शाळेतल्या बाळबोधीवानी सुटी सुटी नाई."

"माह्यावर फिर्यादच लिहून राह्यले असतीन," कमळा हसली. मग हळूच म्हणाली, "वारलूचं काई हाये का त्याच्यात?"

वारलू तिचा भाऊ. पंचावन्न सालच्या पोळ्याला 'मले न्यायले ये' असा तिनं सासरहून हट्टानं निरोप धाडला, आणि भरल्या वैनगंगेत वारलूचा डोंगा उलटला. त्यानंतर बाबा त्यावर तिच्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत. आता तर बोलणंच गेलं होतं.

इनायतनं गुंडाळी उलगडली. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला.

"चष्मा बदला, चाचा."

"चष्मा नवाच हाये. डोळे जुने हायेत."

मग तो वाचू लागला. पुढे कमळेला बोट ठेवून म्हणता यावं म्हणून प्रत्येक शब्दामागे लाल शाईचं टिंब देत गेला. "कमळे. तुझा. दोष. नाही. पाणी. चढलेलं. मला. दिसत. होतं. मी. त्याला. थांबवलं. नाही."

रामाजींच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. कमळेनं त्यांचा चांगला हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. ती पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.

गुंडाळी संपेपर्यंत दुपार कलली.

घरी इनायतच्या बायकोनं, शमसुन्निसानं, ताट वाढलं. "इत्ता वेळ? काय लिहिलं होतं रामाभाऊनं?"

इनायतनं घास तसाच ताटात ठेवला.

"अक्षरं सगळी ओळखू येतेत," तो म्हणाला. "पर शब्द एकबी नव्हता."