सुईकडे बघायचं नाही

"आत्या, खरं सांग, माझी ओळ तुझ्यापेक्षा सरळ येते की नाही?"

पोरीने विचारून टाकलं एकदाचं. पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि त्या आता खिडकीखाली कान टवकारून बसल्या होत्या. आख्खी गल्ली जिच्याकडून दुलया शिवून घेते, तिला असं विचारायची छाती दुसऱ्या कुणाची झाली नसती.

आत्याने पाय उचलला. मशीन थांबलं.

"पुन्हा विचार," ती म्हणाली. "पण हळू. तुझा बाप शेजारच्या खोलीत कापड बेततोय."

पोरीला वाटलं, जिंकले. सुरुवातीला तिच्या ओळी झिंगल्यासारख्या झोकांड्या खात. वर कापड, खाली अस्तर, मधे कापूस. तिन्ही एकमेकांवरून घसरत आणि ती घाबरून मागून ओढत असे. आत्या हातावर चापट मारायची. "ओढू नकोस गं. मशीनला खाऊ दे, त्याला आपली भूक कळते." मग आत्याने कापडावर चिकटपट्टी लावली आणि एकच गोष्ट शिकवली. सुईकडे बघायचं नाही. सुई नाचते, नजर तिच्यामागे नाचते, ओळ भरकटते. बघायचं पट्टीच्या कडेकडे, सुईच्या बरंच पुढे, जिथे ओळ जायची आहे तिथे. पोरीने ते दोन दुलयांत उचललं. तेव्हापासून तिच्या तोंडाला झाकण नव्हतं. शाळाभर सांगत सुटली होती.

"इकडे ये," आत्या म्हणाली. "माझ्या कानाजवळ हात धर. आता बोटं हलव."

पोरीने हलवली.

"हलवतेस का?"

"हलवतेय की. थट्टा करतेस होय?"

आत्या समोर भिंतीकडे बघत होती. "पुढे आण. अजून. अजून थोडा." हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ती म्हणाली, "हं. आता दिसली."

खिडकीखाली कुणीतरी खुदकन हसलं. पोरगी हसली नाही.

"नजरेच्या कडा आधी गेल्या," आत्या म्हणाली. आवाज इतका खाली, की खिडकीपर्यंतही पोचू नये. "आता दाराच्या फटीतून बघावं तेवढं उरलंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. पट्टीवर नजर ठेवली की सुई दिसेनाशी होते. बोटात शिरेल या भीतीने मग सुईच बघत बसते. तुझी ओळ सरळ आहे, बाई. माझी नाही. झालं समाधान?"

पोरीला आत्याच्या कोपराने फुटलेली कपबशी आठवली. आईने बाजूने पुढे केलेलं ताट आत्याने घेतलं नव्हतं, तेही आठवलं. "तोरा बघा बाईंचा," आई म्हणाली होती.

दार ढकलून आईच आत आली. हातात दोघींनी मिळून शिवलेली, गिऱ्हाइकाने परत पाठवलेली राखाडी दुलई. मागून गळ्यात टेप अडकवलेले बाबा. आईने दुलई टेबलावर पसरली. मधल्या ओळी आखल्यासारख्या. दोन्ही बाजूंच्या मात्र पावसातल्या गांडुळांसारख्या.

"चूक आपलीच," आई म्हणाली. "नवशिक्या पोरीला गिऱ्हाइकाच्या कापडावर बसवलं."

बाबांनी एक वाकडी ओळ बोटाने शेवटपर्यंत चाचपली. मग बहिणीकडे पाहिलं.

"ताई, ह्या तुझ्या आहेत का? हात गेला असेल तर आत्ताच सांग. बसून असलेलं माणूस सांभाळणं आम्हाला जमायचं नाही. दादाला फोन लावतो. त्याची मागची खोली रिकामीच आहे."

मागची खोली. आत्या तिथूनच आली होती, एका पिशवीनिशी. त्या खोलीला काका बाहेरून कडी लावत. इथे आल्यावर कितीतरी दिवस ती घरातलं एकही दार लावू देत नसे, न्हाणीघराचंसुद्धा.

आत्याने ओठ ओले केले. "ओळी..."

"माझ्या आहेत," पोरगी म्हणाली.

खिडकीखालची कुजबुज थांबली. उद्या ही बातमी तिच्याआधी शाळेत पोचणार होती.

"वाकड्या सगळ्या माझ्या," ती जरा मोठ्यानेच म्हणाली. "सरळ आत्याच्या. आत्या सांगून थकली, पण मी सुईकडेच बघत बसते."

"तरी मी म्हणतच होते," आई म्हणाली. "बाहेर नुसत्या फुशारक्या, आणि इथे हे दिवे. हो तिथून बाजूला. पुन्हा मशीनला हात लावायचा नाही."

"होणार नाही. मी ठरवलंय. शाळा सुटली की रोज इथेच बसायचं. आत्या शेजारी बसून सांगेल, मी शिवेन. बिघडलं तर मीच उसवेन, ही दुलईसुद्धा. पण मला दुसऱ्या कुणाचं शिकवलेलं कळत नाही. आत्याच लागेल."

बाबा तिच्याकडे वळले. "आणि सरळ ओळ कधी यायची तुला?"

आत्याचा हात कापडावरून तिचा हात शोधत निघाला होता. तो जवळून निसटून पुढे गेला. पोरीने आपला हात उचलला आणि त्याच्या वाटेत ठेवला.

"वर्षं लागतील, बाबा," ती म्हणाली. "मी फार हळू शिकते."