चाळिसावं विधान

“सहमत,” तो म्हणाला, आणि तिची पेन्सिल कागदावर टेकता टेकता थांबली.

एकोणचाळिसावं विधान होतं: ‘मोह झाला तर मी पुन्हा चोरी करू शकतो.’ सुटकेआधीच्या चाचणीत एकूण चाळीस विधानं आणि खुणेसाठी दोन रांगा, सहमत आणि असहमत. सगळी विधानं गुन्ह्याकडे झुकणारी. बारा वेळा ‘सहमत’ आलं तरी चालायचं. तेरावं आलं की सुटका वर्षभर पुढे जायची. याआधीच त्याची बारा झाली होती.

तुरुंगात सगळे त्याला कुलूपवाले काका म्हणत. त्याचा चष्मा फुटला होता. त्यामुळे आज विधानं ती, तुरुंगाची समुपदेशक, वाचत होती, उत्तरं तो देत होता आणि खुणाही तीच करत होती. “मी हात न लावता फुटलेली ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वस्तू,” बसता बसता तो म्हणाला होता.

“काका, घाई करू नका,” ती म्हणाली. “शुक्रवारी मुलगी न्यायला येतेय ना?”

“येतेय. नातवालाही आणणार आहे. चार वर्षांचा झालाय. मला फोटोतच ओळखतो.”

“मग?”

“मग काय मॅडम! स्वतःला फसवू नका, स्वतःला फसवू नका म्हणून वर्षभर तुम्हीच डोकं खाल्लंत. बंद दार दिसलं की बोटं अजून शिवशिवतात. म्हणून तर मुलीला सांगून ठेवलंय, मला रंगकामाला लाव, पुन्हा कुलपांच्या दुकानात नको.”

दाराबाहेर पहारेकऱ्यानं जांभई दिली.

तीन वर्षांत सुटलेल्या एकशे चाळीस जणांच्या नोंदी तिनं स्वतः तपासल्या होत्या. ‘आता चोरी? छे, शक्यच नाही’ असं ठासून सांगणारेच जास्त परत आले होते. आपला पाय कुठे घसरतो हे ज्यांना ठाऊक होतं, ते फारसे आले नव्हते. पण हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. गुण मोजणाऱ्यांना फक्त खुणा दिसणार होत्या.

तिनं ‘असहमत’च्या चौकटीत खूण केली.

त्यानं मान पुढे केली. चष्म्याशिवाय अक्षरं लागत नव्हती, पण खूण कोणत्या रांगेत पडली ते त्याला दिसलं. टेबलाच्या कडेवर त्याची बोटं हलत राहिली.

“पुढचं वाचा,” शेवटी तो म्हणाला.

शेवटचं विधान तिला तोंडपाठ होतं. तरी आज तिचा आवाज खाली गेला.

“हेतू चांगला असेल तर नियम मोडायला हरकत नाही.”

“असहमत,” तो म्हणाला, आणि त्यानं टेबलावरचं खोडरबर तिच्यापुढे सरकवलं.